भारतीय तोफखान्याची वंशावळ: एका बॉम्बे बॅटरीपासून सुरू झालेला धागा

दरवर्षी २८ सप्टेंबरला आपला तोफखाना गनर्स डे साजरा करतो. नाशिक-देवळाली पट्ट्यातल्या लोकांना हा दिवस माहिती असतो, फायरिंग रेंजवरचे आवाज तर त्यांच्या सवयीचेच झालेत, पण ही तारीख नेमकी कुठून आली हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. आणि मला हे खरंच खटकतं, कारण ती तारीख आपल्या इकडची आहे, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याच्या सैन्यातली. २८ सप्टेंबर १८२७ ला बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज (म्हणजे तोफा डागणाऱ्या देशी सैनिकांच्या) बटालियनची आठवी कंपनी उभी राहिली, पुढे तीच ५ (बॉम्बे) माउंटन म्हणजे डोंगरी बॅटरी म्हणून ओळखली गेली आणि भारतीय तोफखान्यातलं सगळ्यात जुनं, आजही चालू असलेलं युनिट तेच. सध्या ही बॅटरी ५७ फील्ड रेजिमेंटचा भाग आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट क्लियर करून घेऊ, कारण इथे भरपूर लोकांचा गोंधळ होतो. तोफखान्यात रेजिमेंट हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. सगळा तोफखाना मिळून एकच "रेजिमेंट ऑफ आर्टिलरी", आणि त्याच्या आत नंबर असलेली जी शेकडो युनिट्स आहेत, ज्यांचा कमांडिंग ऑफिसर कर्नल असतो, त्यांनाही रेजिमेंटच म्हणतात. अशा एका रेजिमेंटमध्ये साधारण तीन बॅटऱ्या, बॅटरीत सहा तोफा, म्हणजे एकूण अठरा. पायदळात जवानाची निष्ठा, त्याची ओळख पलटणीशी जोडलेली असते, मराठा लाइट इन्फंट्री म्हटलं की झालं. तोफखान्यात मात्र जुनी ओळख बॅटरीत असते. रेजिमेंटचे नंबर बदलतात, फील्डची मीडियम होते, तोफ बदलते, बॅटऱ्या इकडून तिकडे जोडल्या जातात, पण बॅटरी आपलं नाव आणि आपला इतिहास धरून ठेवते. म्हणून तोफखान्याची वंशावळ शोधायची तर बॅटरीच्या मागे जायचं, रेजिमेंटच्या नंबरमागे गेलात तर हरवून जाल.

आता मुंबईचा इतिहास. ईस्ट इंडिया कंपनीने १७४८ च्या सुमारास बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत तोफखान्याच्या कंपन्या उभ्या करायला सुरुवात केली. सुरुवातीला तोफ चालवणारे गोरे, आणि देशी माणसं मदतीला, ओढायला, उचलायला. तोफेचं तंत्र देशी माणसाच्या हातात द्यायचं की नाही यावर कंपनीच्या मनात कायम धाकधूक होती. तरी गरज पडली तशा देशी गोलंदाजांच्या कंपन्या निघाल्याच. १८२० नंतरच्या काळात मुंबईच्या तोफखान्याची छावणी माटुंग्याला होती. आज ज्या माटुंग्यात आपण इडली खायला जातो तिथे तेव्हा तोफखान्याच्या बराकी होत्या, हे मला वाचलं तेव्हा नवीनच होतं.

इथे एक प्रश्न हमखास येतो, की मग पेशव्यांच्या तोफखान्याचं काय? पेशवाईत सरदार पानसे घराण्याकडे तोफखाना होता, सासवडजवळ सोनोरीचा मल्हारगड त्यांनीच १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधला, महाराष्ट्रातला सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून तो दाखवतात. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपियन सेनानीच्या हाताखाली जी कवायती फौज उभी केली तिच्या तोफांनी इंग्रजांनाही चांगलंच जेरीस आणलं. हा सगळा आपला अभिमानाचा इतिहास आहे, पण आजच्या भारतीय तोफखान्याच्या अधिकृत वंशावळीत तो येत नाही. लष्करी वंशावळ म्हणजे अखंड चालू असलेलं युनिट. १८१८ ला पेशवाई गेली, तो तोफखाना मोडला, तिथे धागा तुटला. त्यामुळे "आपला तोफखाना शिवकाळापासून" असं सरसकट लिहिणं मला पटत नाही, परंपरा वेगळी आणि युनिटची नोंद वेगळी, दोन्हींचा मान राखायचा असेल तर दोन्ही वेगळ्या ठेवायला हव्यात.

अजून एक चूक जाता जाता. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं सापडतं की ही बॅटरी १८२७ ला २.५ इंची तोफांसह उभी राहिली. हे शक्यच नाही. २.५ इंची माउंटन गन १८७९ च्या सुमारास आली, म्हणजे बॅटरी उभी राहिल्यावर पन्नासेक वर्षांनी. तीच ती प्रसिद्ध स्क्रू गन, जिची नळी दोन तुकड्यांत असायची, खेचरांवर वेगवेगळी लादायची आणि जागेवर पोचल्यावर आटे फिरवून जोडायची. एका तोफेला पाच खेचरं लागायची. ही बॅटरी नंतर ती तोफ वापरायला लागली आणि मग कुणीतरी दोन वाक्यं एकत्र केली आणि पुढे सगळ्यांनी तेच कॉपी केलं.

१८५७ चा उठाव हा या वंशावळीतला सगळ्यात मोठा वळणबिंदू. उठावात देशी गोलंदाजांनी तोफा कशा चालवल्या हे इंग्रजांनी समोरून पाहिलं होतं, आणि नंतर त्यांनी ठरवलं की तोफा आता फक्त गोऱ्यांच्या हातात. देशी तोफखाना जवळजवळ सगळा बरखास्त झाला. वाचल्या त्या थोड्या, मुख्यतः डोंगरी बॅटऱ्या, म्हणजे वायव्य सरहद्दीवरच्या पंजाबच्या आणि मुंबई सैन्यातल्या दोन, शिवाय हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेच्या, काही. का वाचल्या? कारण डोंगरात खेचरांबरोबर चढणं-उतरणं त्या माणसांशिवाय जमणारच नव्हतं, आणि ती तोफ छोटी असायची, तिची फार भीती नव्हती. मोठी फील्ड गन, म्हणजे मैदानी तोफ, मात्र पुढची जवळजवळ पाऊणशे वर्षं भारतीय माणसाच्या हाती लागू दिली नाही. शेवटी १५ जानेवारी १९३५ ला बंगलोरला "ए" फील्ड ब्रिगेड उभी राहिली आणि भारतीय गनर परत फील्ड आर्टिलरीत आला. हा अविश्वास लक्षात घेतला की मग कळतं, भारतीय तोफखान्यातली सगळी जुनी नावं माउंटन बॅटऱ्यांचीच का आहेत.

या डोंगरी बॅटऱ्यांचे नंबर मात्र डोकं फिरवतात. १९०३ ला तेव्हाचा सरसेनापती किचनर याने सगळ्या सैन्याचं रिनंबरिंग केलं तेव्हा ५ नंबरची बॉम्बे बॅटरी २५ झाली, पहिल्या महायुद्धानंतर १०५, आणि मग परत ५. मुंबईचीच दुसरी बॅटरी जेकब्स, ती ६ ची २६ झाली. २५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत अँझॅक कोव्हच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांबरोबर ज्या तोफा पहिल्यांदा उतरल्या त्या ह्याच जेकब्स बॅटरीच्या, आणि बरोबर कोहाट बॅटरी. ऑस्ट्रेलियात अँझॅक डे ला भारतीय खेचरवाल्यांची आणि गनर्सची आठवण आजही निघते, आपल्याकडे कुणाला पत्ताही नसतो.

आता चिन्ह आणि मानाकडे येऊ, कारण इथे तोफखाना बाकी सैन्यापेक्षा एकदम वेगळा आहे. पायदळाच्या पलटणीला निशाण असतं, त्यावर तिने जिंकलेल्या लढायांची नावं भरतकामाने काढलेली असतात. तोफखान्याला निशाणच नाही. तोफ हेच निशाण. परेडमध्ये तोफेला तोच मान देतात जो पायदळ आपल्या निशाणाला देतं, आणि तोफ शत्रूच्या हाती जाऊ देणं म्हणजे निशाण गमावणं. आणि लढायांची नावं? ब्रिटिश रॉयल आर्टिलरीला १८३० च्या दशकात राजा चौथ्या विल्यमने "युबिक्वे" म्हणजे सर्वत्र असा मान दिला, का तर हे लोक प्रत्येकच लढाईत असतात, नावं लिहायची तर तोफेवर जागा पुरणार नाही. वेगवेगळ्या लढायांऐवजी हा एकच मान. तोच भारतीय तोफखान्याकडे "सर्वत्र" म्हणून आला आणि त्याला "इज्जत-ओ-इकबाल" जोडलं गेलं. बॅजवर जुन्या काळची चाकांची तोफ कायम राहिली, वरचा ब्रिटिश मुकुट गेला. इंजिनिअर्सचंही ब्रीद "सर्वत्र" हेच आहे, म्हणजे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या गेटवर तोच शब्द दिसला तर गोंधळू नका, रॉयल इंजिनिअर्सलाही त्याच काळात तोच मान मिळाला होता. तोफखान्याचे रंग लाल आणि गडद निळा.

तोफ म्हणजे निशाण हे नुसतं बोलायचं नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा उमराव सिंग. हवालदार, ३३ माउंटन बॅटरी, ३० माउंटन रेजिमेंट. डिसेंबर १९४४, बर्मातलं कलादान खोरं. दीड तास जपानी तोफा आणि मॉर्टरचा मारा, मग निदान दोन कंपन्या जपानी पायदळ अंगावर आलं. हल्ले परतवत परतवत गोळ्या संपल्या, मग ह्या माणसाने तोफेचा गन बेअरर म्हणजे लोखंडी दांडा उचलला आणि हातघाईत लढला. सहा तासांनी आपल्या लोकांनी परत पुढे जाऊन पाहिलं तेव्हा अंगावर सात मोठ्या जखमा, जवळजवळ ओळखू न येण्यासारखा, आजूबाजूला दहा जपानी मेलेले, आणि तोफ शाबूत. तीच तोफ त्याच दिवशी परत फायर झाली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, भारतीय तोफखान्यातला एकमेव. मूळचे हरियाणातल्या झज्जरजवळचे, २००५ मध्ये वारले. कुठल्याही गनरला विचारा, हे नाव त्याला पाठ असतं.

त्याच महायुद्धात मराठा माणसंही तोफांवर होती. चौथी मराठा अँटी टँक रेजिमेंट आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. आपल्याकडे इटली म्हटलं की मराठा पायदळाचंच नाव निघतं, ते निघायलाच हवं, पण रणगाड्यांसमोर तोफ लावून बसलेली मराठा पोरंही तिथेच होती हे कुणी सांगत नाही.

१९४५ ला "रॉयल" हा किताब मिळाला, रॉयल इंडियन आर्टिलरी, आणि दोनच वर्षांत फाळणी. साडेअठरा रेजिमेंट भारताकडे, साडेनऊ पाकिस्तानकडे. साडे हा आकडा वाचताना अंगावर येतो, कारण एक रेजिमेंट अक्षरशः मधून कापली गेली. बॅटऱ्या वाटल्या गेल्या, गॅलिपोलीवाली कोहाट तिकडे गेली आणि बॉम्बे बॅटरी इकडे राहिली. सव्वाशे वर्षांचं एकत्र घराणं वाटणी होऊन वेगळं झालं, आणि काही महिन्यांतच काश्मीरमध्ये ते एकमेकांवर गोळे टाकत होते. २६ जानेवारी १९५० ला "रॉयल" शब्द गेला.

स्वातंत्र्यानंतर मानाची एक नवीन पद्धत पक्की झाली ती म्हणजे ऑनर टायटल. निशाण नाही, मग एखाद्या रेजिमेंटने किंवा बॅटरीने एखाद्या लढाईत विशेष काम केलं तर त्या जागेचं नाव त्या युनिटच्या नावाला जोडायचं. नोव्हेंबर १९६५ ला मेंढरजवळची ओपी हिल घेताना तोफखान्याने जे काम केलं त्यातून "ओपी हिल" टायटल आलं. कारगिलनंतर १०८ मीडियम, १४१ फील्ड आणि १९७ फील्ड यांना "कारगिल" मिळालं. मला ही पद्धत "सर्वत्र" इतकीच आवडते, खरं सांगायचं तर जास्तच, कारण सर्वत्र म्हटलं की सगळ्यांचं होतं आणि कुणाचंच राहत नाही, तर ऑनर टायटलमध्ये त्या बॅटरीच्या पोरांना आपण नक्की कुठे आणि कशासाठी ओळखले जातो ते कळतं. कारगिलमध्ये तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, रॉकेट, बॉम्ब टाकले, बोफोर्स तर थेट समोर नेम धरून तोलोलिंगसारख्या डोंगरांवर चालवली, जे एवढ्या मोठ्या तोफेने सहसा करत नाहीत. द्रासमधल्या पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये "गन हिल" नाव दिलं, हेही त्याच मानाचं पुढचं रूप.

आणि वंशावळीला फांद्याही फुटल्या. तोफखान्याचे एअर ओपी (हवाई निरीक्षण) पायलट वरून पाहून तोफांचा नेम दुरुस्त करायचे, त्यातून १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली, तिची ट्रेनिंग स्कूल नाशिकलाच. विमानविरोधी तोफा १९९४ ला वेगळ्या झाल्या, आता ती आर्मी एअर डिफेन्स. ह्या दोघांचा जुना इतिहास अर्थातच तोफखान्याच्या नोंदीत सापडतो, त्यामुळे एखाद्या एअर डिफेन्स रेजिमेंटचा महायुद्धातला इतिहास शोधताना आर्टिलरीचीच कागदपत्रं उघडावी लागतात.

महाराष्ट्राशी नातं आज जास्तच घट्ट आहे. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर आणि म्युझियम, दरवर्षी देवळालीला तोपची नावाचा फायरिंगचा कार्यक्रम होतो. ९ नोव्हेंबर २०१८ ला के-९ वज्र आणि एम ७७७ या तोफा सैन्यात दाखल झाल्या त्याही देवळालीतच. एटॅग्ज ही नवीन स्वदेशी ओढून नेायची तोफ बनवण्यात पुण्याची भारत फोर्ज आहे. माजी लष्करप्रमुख जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज हे मुंबईत जन्मलेले, गोव्याच्या कुटुंबातले, मूळचे गनर. एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या पाच महिला अधिकारी तोफखान्यात आल्या. त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या एकवीस तोफांच्या सलामीतून महायुद्धाच्या काळातली ब्रिटिश २५ पाउंडर गेली आणि तिच्या जागी भारतात बनलेली १०५ मिलिमीटरची इंडियन फील्ड गन आली.

नाशिकला गेलात तर म्युझियम नक्की बघा, आधी वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्या कारण ते लष्करी एरियात आहे. आणि तिथे तोफांबरोबर फोटो काढून झाले की बॅटऱ्यांच्या नावांकडे जरा लक्ष द्या.