शिसं अंगात किती, हे रक्तालाच विचारा

नाना पेठेतल्या एका बोळात जुन्या बॅटऱ्या उघडून प्लेटा काढणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा आहे. दुपारी जेवायला बसतो तेव्हा हात धुतल्यावरही नखांच्या कडेला राखाडी रेघ राहिलेली दिसते. परवा त्याने विचारलं, "लघवी तपासली की अंगातलं शिसं कळतं ना?" मी म्हटलं, तुम्ही रक्त द्या.

शरीरात शिरलेलं शिसं सुरुवातीला रक्तात फिरतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींना चिकटलेलं असतं. महिनाभरात ते साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे रक्तातला आकडा मुख्यतः गेल्या एक-दोन महिन्यांची हकीकत सांगतो. उरलेल्यातलं काही लघवीवाटे जातं आणि बरंचसं हाडांत मुरतं, कारण शरीराची शिसं आणि कॅल्शियम यांत गफलत होते. हाडांत ते दहा-वीस वर्षंही मुक्काम करतं. म्हणून दोन महिने सुट्टी घेतली आणि आकडा उतरला, तर सुटलो असं समजू नये. गरोदरपणात किंवा म्हातारपणी हाडं झिजू लागली की तेच शिसं पुन्हा रक्तात येतं, आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं.

आर्सेनिकचं उलट आहे. ते रक्तात काही तासच टिकतं, म्हणून तिथे लघवीच तपासावी लागते. पण रविवारी सुरमई खाऊन सोमवारी नमुना दिला, तर आकडा उगाच फुगतो. मासळीतलं सेंद्रिय आर्सेनिक फारसं अपायकारक नसतं, तरी एकूण मोजणीत तेही धरलं जातं. तपासणीआधी तीन-चार दिवस मासे टाळलेले बरे. पाऱ्यात दोन तऱ्हा आहेत: माशांतून आलेला रक्तात किंवा केसांत शोधायचा, वाफेतून फुप्फुसात गेलेला लघवीत. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं, म्हणून लघवीतला त्याचा आकडा कित्येक वर्षांचा हिशेब देतो. त्यात सिगारेटचाही वाटा असतो.

आधी धातू ओढून काढणारं औषध द्यायचं आणि मग लघवी तपासायची, असाही एक प्रकार चालतो. तो मला अजिबात पटत नाही. औषधाने निरोगी माणसाच्याही लघवीत धातू वाढतात, आणि तो आकडा ताडून पाहायला सर्वमान्य मापच नाही.

नमुना कसा घेतला यावरही बरंच अवलंबून असतं. या कारागिराचं बोट टोचून थेंब घेतला असता, तर कातडीवरचं शिसंच मोजलं गेलं असतं. म्हणून साबणाने हात धुऊन, दंडाच्या शिरेतून, धातूंचा अंश नसलेल्या खास नळीत रक्त घ्यायचं. आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये येतो. 5 किंवा त्याहून जास्त आला, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखाली सगळं सुरक्षित, असं मात्र ती म्हणत नाही.

1948 च्या कारखाना कायद्यात शिशाची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत होती. पण दोन माणसांचं दुकान कारखान्यात मोडत नाही, त्यामुळे या बोळात विचारायला कोणी येत नाही.

त्याला दोन वर्षांची मुलगी आहे. संध्याकाळी तो दारात आला की ती धावत येऊन त्याच्या शर्टाला बिलगते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, आणि इजा होते ती वाढत्या मेंदूला. हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. आता कामाचा शर्ट दुकानातच खिळ्याला टांगलेला असतो, आणि सोमवारी रक्त द्यायला बापलेक दोघंही जाणार आहेत.