ख्रिस्ताचं दुसरं येणं : शेवटचा काळ आणि ख्रिस्ती आशा

क्रुसावर मेलेला आणि तिसऱ्या दिवशी उठलेला येशू एक दिवस परत येणार, तेव्हा मेलेले उठतील, सगळ्यांचा न्याय होईल आणि देव आकाश-पृथ्वी नवी करेल, ही ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. मराठी चर्चमध्ये याला पुनरागमन, दुसरं येणं किंवा नुसतं 'प्रभूचं येणं' म्हणतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट यांच्यात बाकी कितीही मतभेद असले तरी एवढा भाग सगळ्यांचा सारखा आहे, कारण 325 आणि 381 सालच्या परिषदांमधून आलेल्या निकेयाच्या विश्वासांगीकारातच, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यातच, लिहिलंय की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो गौरवाने पुन्हा येईल आणि त्याच्या राज्याला अंत असणार नाही.

जगाचा शेवट म्हटलं की आपल्याकडे प्रलय आणि कलियुग आठवतं, पण तिथे चक्र असतं, एक युग संपलं की पुन्हा दुसरं. इथे चक्र नाही. उत्पत्तीपासून सुरू झालेली एकच गोष्ट एका मुक्कामाला पोचते, आणि तो मुक्काम विनाश नसून लग्नाची मेजवानी, नवं शहर, देवाचं माणसांत येऊन राहणं अशा शब्दांत सांगितलाय. 'अपोकॅलिप्स' या ज्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आज सिनेमांमुळे 'महाविनाश' झालाय त्याचा मूळ अर्थ पडदा बाजूला करणं, उघड करणं एवढाच आहे, आणि बायबलच्या ज्या शेवटच्या पुस्तकाचं हे ग्रीक नाव आहे त्याला मराठी बायबलने 'प्रकटीकरण' हे नाव दिलंय ते अगदी नेमकं आहे.

ही शिकवण भीतीतून आली असं बऱ्याच जणांना वाटतं. पण जुन्यातलं जुनं लिखाण बघितलं तर ती शोकातून आलेली दिसते, आणि माझ्या मते हेच आधी समजून घ्यायला हवं. साधारण इसवी सन 50-51 मध्ये सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, पत्र लिहिलं, नव्या करारातल्या सगळ्यात आधीच्या लिखाणांपैकी हे एक. मंडळी नवी होती, येशू लवकरच येणार म्हणून वाट बघत होती, आणि मधल्या काळात त्यांच्यातली काही माणसं वारली. मग प्रश्न पडला की ती माणसं गेली ती गेलीच का, प्रभू येईल तेव्हा ती नसणार का? पौल उत्तर देतो की जे निजलेत, म्हणजे मेलेत, त्यांच्याबद्दल, आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका. शोकच करू नका असं तो म्हणत नाही. मग देवाची तुतारी वाजेल, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर मेघांत प्रभूला भेटू, आणि शेवटी, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. म्हणजे ज्या ओळींवरून पुढे तक्ते, नकाशे, भाकितं तयार झाली त्या मुळात मयताच्या घरी बोलायच्या ओळी आहेत. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, काही जण कामधंदा सोडून बसलेत त्यांनाही सुनावलंय, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही हे तेव्हापासूनच सांगावं लागत होतं.

खुद्द येशूचं यावरचं मोठं बोलणं जैतुनाच्या डोंगरावरचं, बायबलमधल्या शुभवर्तमानांत ते मत्तय 24, मार्क 13, लूक 21 या अध्यायांत आहे. समोर यरुशलेमचं मंदिर, आणि तो म्हणतो इथे दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर खरंच पाडलं. लढाया, भूकंप, दुष्काळ यांची नावं घेऊन तो म्हणतो घाबरू नका, ही तर वेदनांची सुरुवात आहे, आणि शब्द वापरलाय तो बाळंतपणाच्या वेणांचा. त्या दिवसाबद्दल आणि त्या घटकेबद्दल पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, हेही तिथेच आहे.

प्रकटीकरण हे पुस्तक लोकांना सगळ्यात अवघड जातं. पात्म नावाच्या छोट्या बेटावर असलेल्या योहानाने ते आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहिलं, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया, ही सगळी ठिकाणं आजच्या तुर्कस्तानात आहेत आणि स्मुर्णा म्हणजे आजचं इझमिर. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या शेवटी, रोमन बादशहा डोमिशियनच्या काळातलं मानतात. बादशहालाच प्रभू म्हणा असा दबाव होता, नकार देणाऱ्यांचा जीवही जायचा, आणि अशा लोकांना हे पत्र वाचून दाखवलं जायचं. त्यातलं श्वापद, बाबेल नावाची बाई, सात शिक्के, हे त्यांना कोडं वाटलं नसणार, सात टेकड्यांवर बसलेली बाई म्हणजे रोम हे कोणालाही कळलं असतं. त्या श्वापदाचा म्हणून दिलेल्या 666 या आकड्याचंही तसंच, नीरो कैसर या आधीच्या रोमन बादशहाचं नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या आकड्यांतल्या किमतींची बेरीज केली की 666 येतात, काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे आणि तोही त्याच नावाच्या दुसऱ्या स्पेलिंगने जुळतो. म्हणून हा आकडा बारकोडमध्ये, लसीत, आधार कार्डात शोधत बसणाऱ्यांनी आधी हे वाचावं अशी कळकळीची विनंती आहे. 'ख्रिस्तविरोधी' हा शब्द तर या पुस्तकात नाहीच, तो योहानाच्या पत्रांत आहे. त्या छळ सोसणाऱ्या लोकांना पुस्तकाच्या शेवटी जे मिळतं ते असं, देव त्यांच्या डोळ्यांतला प्रत्येक अश्रू पुसेल, मरण नसेल, शोक, रडणं, दुःख नसेल.

प्रकटीकरणाच्या 20 व्या अध्यायात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे आणि त्यावरून पंथ वेगळे झाले. कोणी म्हणतं ख्रिस्त आधी येईल आणि मग हजार वर्षं राज्य करेल, कोणी म्हणतं सुवार्तेने जग सुधारत जाईल आणि मग तो येईल, आणि चौथ्या-पाचव्या शतकातले धर्मपंडित ऑगस्टीन यांच्यापासून मोठा प्रवाह असं मानतो की ही हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळच, आकडा शब्दशः घ्यायचा नाही. आपल्याकडे पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांत 'रॅप्चर' फार ऐकू येतं, म्हणजे शेवटी येणाऱ्या मोठ्या छळाच्या काळाआधीच, महासंकटाआधीच, विश्वासणारे वर उचलले जाणार. ही मांडणी 19 व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी पसरवली आणि 1909 च्या स्कोफिल्ड यांच्या टिपांच्या बायबलने ती घरोघरी नेली. कॅथलिक शिकवणीत ती नाही, तिथे मरण, न्याय, स्वर्ग, नरक या चार शेवटच्या गोष्टींवर भर असतो.

तारखा काढायचा मोह मात्र जुना आहे. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांवरून हिशोब मांडला, त्याच्या चळवळीत शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली, हजारो लोक वाट बघत बसले, काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही, आणि सकाळ झाली. या दिवसाला महान निराशा म्हणतात. त्या लोकांना हसणारे तेव्हाही होते, मला मात्र त्यांचं वाईट वाटतं, कारण ती माणसं लबाड नव्हती, त्यांना प्रभू हवा होता. त्यांच्यातल्याच काहींमधून 1863 मध्ये सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं, पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच. 2011 मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओ उपदेशकाने 21 मे ही तारीख दिली, ती चुकली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं.

आता आशा या शब्दाबद्दल. मराठीत आशा म्हणजे अनेकदा हाव, 'आशेला लागणं' चांगलं नाही, संतांनीही आशा सोडायलाच सांगितली. बायबलमधली आशा ही होईल-न-होईल असली इच्छा नाही, येशू उठला ही घडलेली गोष्ट धरून पुढच्याची खात्री बाळगणं आहे. इब्री लोकांस पत्रात तिला जिवाचा नांगर म्हटलंय. मराठीत नांगर शेतातलाही आणि होडीचाही, त्यामुळे देशावरच्या माणसाला आधी बैलांचा नांगर आठवेल, वसईच्या कोळ्याला मात्र लगेच कळेल की वर वादळ असलं तरी खाली धरून ठेवणारी वस्तू ती हीच. रोमच्या भुयारी दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर हाच नांगर कोरलाय.

महाराष्ट्रात ही श्रद्धा कामालाही लावली गेली. 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी जागृती, झालं तेव्हा मुली रडून प्रार्थना करायच्या, आणि त्या काळच्या अशा संजीवनांकडे 'शेवटल्या दिवसांत मी माझ्या आत्म्याचा वर्षाव करीन' या वचनाच्या प्रकाशात बघितलं जायचं. पण रमाबाई दिवस मोजत बसल्या नाहीत, दुष्काळातून आणलेल्या मुलींना शिकवत, जेवू घालत राहिल्या आणि साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या, 1922 मध्ये त्या गेल्या तोवर.

रोजच्या जगण्यात ही श्रद्धा बघायची तर 2 नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या स्मरणदिनी, वसईच्या कुठल्याही दफनभूमीत जावं, कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेल्या असतात. मेलेल्याला 'प्रभूमध्ये निजला' म्हणायची पद्धत आहे, इंग्रजीतल्या सिमेट्री शब्दाचं ग्रीक मूळही निजायची जागा असंच आहे, आणि पुष्कळ ठिकाणी जुन्या रिवाजाप्रमाणे पाय पूर्वेकडे ठेवून पुरतात, उठेल तेव्हा तोंड येणाऱ्या प्रभूकडे असावं म्हणून. मग महिन्याभरात आगमनकाळ सुरू होतो, नाताळच्या आधीचे चार रविवार, आणि त्यातले सुरुवातीचे पाठ गोठ्यातल्या बाळाचे नसून परत येणाऱ्या राजाचे असतात, हे दरवर्षी कोणाच्या तरी लक्षात येतं आणि मग फादरना विचारलं जातं.

पहिल्या मंडळ्यांची या सगळ्यावरची प्रार्थना एका अरामी शब्दाची होती, मारानाथा. पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी ती तशीच ठेवलीय, भाषांतर न करता. शब्द मारान-आथा असा तोडला तर 'आमचा प्रभू आलाय', माराना-था असा तोडला तर 'आमच्या प्रभू, ये'.