पत्थरनाख कडक म्हणजे कच्ची नव्हे

जुलै-ऑगस्टमध्ये घरी नासपती आली की ती कच्ची निघाली की काय, यावर वाद ठरलेला. पण गोलसर, अंगावर ठिपके असलेली पत्थरनाख ही जात पिकल्यावरही करकरीतच राहते. बुडाशी रुंद, देठाकडे निमुळती बार्टलेट मात्र पिकली की लोण्यासारखी मऊ होते. पहिली आशियाई (पायरस पायरिफोलिया), दुसरी युरोपीय (पायरस कम्युनिस). प्रजातीच वेगळ्या.

बार्टलेट 18व्या शतकात इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्यात एका शाळामास्तरांना सापडली. विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने ती पसरवली, म्हणून तिकडे ती आजही 'विल्यम्स'. अमेरिकेत एनॉक बार्टलेट यांनी विकत घेतलेल्या बागेत हीच झाडे होती. मूळ नाव ठाऊक नसल्याने त्यांनी ती आपल्याच नावाने विकली. आज जगात जेवढ्या बार्टलेट आहेत, त्या सगळ्या बर्कशायरमधल्या त्या एका झाडाच्या कलमांवरून आलेल्या. बी लावून ही जात मिळत नाही.

लावताना पहिला प्रश्न थंडीचा. बार्टलेटला लांब, कडक हिवाळा लागतो. काश्मीर, कुलू ही तिची ठिकाणे. पत्थरनाखचे थोड्या थंडीत भागते, म्हणून ती पंजाबच्या सपाटीवर, अमृतसरकडेही पिकते. सह्याद्रीत बार्टलेटचा नाद करू नये, असे माझे स्पष्ट मत. उत्तरेत कलमासाठी कैंथ या जंगली नासपतीचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे झाड) वापरतात. युरोपात झाड बुटके राहावे म्हणून क्विन्स या नासपतीच्या नात्यातल्या झाडाचा खुंट घेतात, पण बार्टलेटचे त्याच्याशी नीट जुळत नाही. मध्ये दुसऱ्या जातीचा तुकडा जोडावा लागतो. शिवाय बार्टलेटजवळ त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात हवी, नाहीतर फळ जेमतेम धरते.

खरी गफलत तोडणीत होते. पत्थरनाख झाडावरच तयार होऊ द्यायची आणि तोडून लगेच खायची. बार्टलेट झाडावर पिकायला ठेवली तर आतून, गाभ्यापासून पिकत जाते. बाहेरून छान दिसेपर्यंत मध्यभाग तपकिरी, पिठूळ झालेला असतो. म्हणून ती कडक, हिरवी असतानाच उतरवतात. फळ हातात धरून आडवे उचलायचे. देठ फांदीपासून सहज सुटला तर वेळ झाली. मग घरात काही दिवस ठेवायची. बुड दाबून काही कळत नाही, मानेजवळ हलके दाबून पाहावे: तिथे जरा नरम लागली की त्याच दिवशी खावी.