सार्वजनिक शाळांतील प्रज्ञावंत विद्यार्थी

प्रज्ञावंत विद्यार्थी म्हणजे एका किंवा अनेक क्षेत्रांत आपल्या वयाच्या मुलांपेक्षा ठळकपणे पुढे असलेला विद्यार्थी. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, शासकीय व अनुदानित शाळांत शिकणारी अशी मुले ओळखणे आणि त्यांच्या झेपेनुसार त्यांना शिकवत राहणे, असा या विषयाचा दुहेरी आवाका आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे. येथे पहिल्या कामाची, म्हणजे शोधाची, परंपरा जुनी आणि घट्ट आहे. दुसऱ्या कामाची, म्हणजे जोपासनेची, वाट मात्र तुटक आहे. शिष्यवृत्तीचा निकाल लागतो, मुलाचा सत्कार होतो आणि दुसऱ्या दिवशी ते मूल त्याच बाकावर त्याच धड्याला बसते. या विषयातली खरी अडचण तिथे सुरू होते.

‘हुशार’ आणि प्रज्ञावंत

मराठी घरात ‘हुशार’ हा शब्द बहुधा परीक्षेतल्या नंबराशी बांधलेला असतो. प्रज्ञेचे आणि गुणांचे नाते त्याहून सैल आहे. नीटनेटके अक्षर, पाठांतर आणि शांत बसणे यांवर वर्गात पहिला नंबर मिळू शकतो. उलट, गणित दोन मिनिटांत संपवून शेजाऱ्याला त्रास देणारे, बाईंनी सांगितलेल्या रीतीऐवजी स्वतःची रीत वापरणारे, ‘पण असंच का?’ म्हणून अडून बसणारे मूल ‘आगाऊ’ किंवा ‘वात्रट’ ठरते. वाचनात अडखळणाऱ्या मुलाची आकृत्यांची, यंत्रांची, संख्यांची समज विलक्षण असू शकते. अध्ययन अक्षमता आणि प्रज्ञा एकाच मुलात असतात तेव्हा एकीमुळे दुसरी झाकली जाते आणि शाळेला बहुधा दोन्ही दिसत नाहीत.

बुद्धिमापनाची सुरुवात फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ मध्ये केली. ज्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल ती वेळीच ओळखावीत, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे अमेरिकेत लुईस टर्मनने हीच चाचणी वरच्या टोकाची मुले शोधण्यासाठी वापरली आणि १९२१ पासून त्यांचा दीर्घ अभ्यास केला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिनेच्या चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. ‘बिने-कामत’ हे नाव मानसोपचार केंद्रांत आजही ऐकू येते. परक्या देशातले प्रश्न इथल्या मुलाला जसेच्या तसे विचारून चालणार नाही, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. १९७८ मध्ये जोसेफ रेंझुली यांनी प्रज्ञेचे वर्णन तीन गोष्टींच्या संगमाने केले : सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती. यातली तिसरी गोष्ट कोणत्याही दीड तासाच्या प्रश्नपत्रिकेत मोजता येत नाही. मुलाला वर्षभर पाहणाऱ्या शिक्षकालाच ती दिसते.

शिष्यवृत्ती परीक्षा

महाराष्ट्रात प्रज्ञाशोध म्हटले की आधी आठवते ती शिष्यवृत्ती परीक्षा. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. कित्येक पिढ्यांसाठी ती ‘चौथीची’ आणि ‘सातवीची’ स्कॉलरशिप होती. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला नेण्यात आली. चौथीपर्यंतच वर्ग असलेल्या असंख्य जिल्हा परिषद शाळांच्या हातून त्यामुळे ती निसटली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला.

पाचवी-आठवीच्या रचनेत दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्नांचे आणि १५० गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. बुद्धिमत्ता चाचणीतली आकृत्यांची मालिका, सांकेतिक भाषा, रांगेतले स्थान, आरशातली प्रतिमा हे प्रश्न महाराष्ट्रातल्या कोणत्याही वयाच्या माणसाला ओळखीचे वाटतील. परीक्षेतून मिळणारी रक्कम दीर्घकाळ नाममात्रच राहिली. तरीही मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फलकावर रंगाने लिहिलेले नाव आणि जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक यांचे मोल गावात मोठे असते.

या परीक्षेने एक मोलाची गोष्ट केली, आणि तिची दखल क्वचितच घेतली जाते. तिने गावोगावच्या प्राथमिक शिक्षकांना पाठ्यपुस्तकापलीकडचे गणित शिकवायला लावले. शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर ‘जादा तास’ घेणारे गुरुजी, स्वतः पैसे घालून सराव प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढणाऱ्या बाई, परीक्षेच्या दिवशी मुलांना जीपमध्ये बसवून तालुक्याच्या केंद्रावर नेणारे मुख्याध्यापक, हे सगळे कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेले नव्हते. अनेक गावांत प्रज्ञावंत मुलांसाठीचा प्रत्यक्षातला एकमेव उपक्रम हाच होता आणि आजही आहे.

तिचे तोटेही याच जादा तासांतून आले. निवडक मुले वेगळी बसवली जातात आणि बाकीचा वर्ग मागे पडतो. बुद्धिमत्ता चाचणीच्या प्रश्नांचे ‘प्रकार’ पाठ करून घेतले की ती चाचणी बुद्धीची राहत नाही, सरावाची होते. शिवाय पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकेत एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट आणि थोडे सेकंद मिळतात. सावकाश आणि खोल विचार करणारे मूल तिथे हमखास मागे पडते.

निवडून वेगळे शिकवणाऱ्या शाळा

दुसरा मार्ग म्हणजे निवडलेल्या मुलांसाठी निवासी शाळा. महाराष्ट्र शासनाने १९६०च्या दशकात औरंगाबाद, धुळे, पुसेगाव, अमरावती अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने सुरू केली. ग्रामीण भागातल्या गुणी मुलांना मोफत राहणे-जेवण आणि चांगले शिक्षक द्यावेत, ही त्यांमागची कल्पना. केंद्र सरकारने हीच कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून देशभर नेली. जवाहर नवोदय विद्यालयांपैकी अगदी पहिली दोन हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे उघडली. आज तमिळनाडू वगळता जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात नवोदय आहे.

नवोदयची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना होते. दोन तासांत ८० प्रश्न : मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. सहावीच्या प्रवेशासाठी साधारण ८० जागा असतात. निदान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात. ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. दहा वर्षांच्या मुलाच्या एका सकाळीवर एवढे सोपवणे कठोर आहे. त्या दिवशी ताप आला, एसटी चुकली, तर दार बंद. पण ज्यांना ते दार उघडले, त्यांच्यासाठी नवोदयने जे केले ते थोडे नाही. शेतमजुराच्या मुलाला वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि नववीत एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातल्या नवोदयमध्ये राहण्याची संधी, हे सगळे एकत्र देणारी दुसरी सरकारी शाळा सहसा सापडत नाही.

शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली. नवोदयची निवड परीक्षा मात्र विशेष प्रवर्गातील शाळा म्हणून चालू राहिली. समानता आणि निवड यांतला हा ताण कायद्यात आहेच, गावच्या शाळेतही तो जाणवतो. पाचवीतली दोन चमकदार मुले नवोदयला गेली की गुरुजींना आनंद होतो आणि वर्ग ओका पडतो. जी मुले मागे राहिली, त्यांच्यासाठी त्या शाळेत काय बदलले, या प्रश्नाला निवासी शाळांच्या योजनेत उत्तर नाही.

पुण्यात डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने प्रज्ञावंतांच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातला सर्वांत विचारपूर्वक प्रयोग केला. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तिच्या प्रशालेत निवडीनंतरच्या शिक्षणाला, म्हणजे प्रकल्प, अभ्याससहली आणि समाजकार्य यांना, निवडीइतकेच महत्त्व होते. ती सार्वजनिक व्यवस्थेबाहेरची संस्था असली, तरी निवडीनंतर काय करावे याचा नमुना म्हणून तिचा उल्लेख इथे आवश्यक आहे.

पैशाची मदत

केंद्राची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती (बोलण्यात ‘एनएमएमएस’) २००८ पासून सुरू आहे. आठवीत परीक्षा होते आणि नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. देशात दरवर्षी एक लाख नवे विद्यार्थी निवडले जातात. ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे, आणि गळती नेमकी जिथे होते त्या आठवी-नववीच्या उंबरठ्यावर ती मुलाला गाठते. म्हणून ही योजना वरकरणी दिसते त्याहून शहाणी आहे. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्ये दिल्लीत १० शिष्यवृत्त्यांवर सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ३५० शिष्यवृत्त्यांसह देशभर पोचली. २०२१ पासून ती थांबलेली आहे.

भाषेची भिंत

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) या विषयावर केलेले काम आजही मार्गदर्शक आहे. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या मराठी शाळांत काम केले. पुढे मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील वंचित समाजातली गुणी मुले निवडून त्यांना शालान्त परीक्षेपर्यंत सातत्याने मार्गदर्शन दिले. त्या अनुभवातून एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे आली : ही मुले विज्ञानात अडत नव्हती, विज्ञानाच्या भाषेत अडत होती. पाठ्यपुस्तकातली संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या घरच्या मराठीपासून फार दूर होती. भाषा सोपी केली, मुलांना बोलू दिले, हाताने प्रयोग करू दिले, की तीच मुले झेपावत होती.

हे निरीक्षण निवड परीक्षांनाही लागू पडते. मेळघाटातल्या कोरकू, गडचिरोलीतल्या गोंडी किंवा सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेली दुसरी भाषा असते. ‘प्रथम भाषा’ या मथळ्याखालचे त्याचे गुण त्याची प्रज्ञा मोजत नाहीत.

यादीत न येणारी मुले

शिष्यवृत्ती परीक्षा साधारणतः फेब्रुवारीत होते आणि नवोदयची बहुधा जानेवारीत. याच महिन्यांत बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या फडावर असतात. दिवाळीच्या सुमारास निघालेली मुले उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची नावे हजेरीपटावर असतात, परीक्षाकेंद्रावर नसतात. आई-वडील फडावर गेले तरी मूल गावात राहून शिकावे म्हणून चालवली जाणारी हंगामी वसतिगृहे सरकारी कागदावर स्थलांतराच्या खात्यात मोडतात. खरे पाहता ती प्रज्ञाशोधाचीही पहिली पायरी आहेत, कारण जे मूल त्या दिवशी गावात नाही त्याचा शोध लागूच शकत नाही.

मुलींचे तसेच. सातवीनंतरची शाळा सहा-सात किलोमीटरवर असली की मुलीची प्रज्ञा हा घरातल्या चर्चेचा विषय राहत नाही, रस्ता हा विषय होतो. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास अशा मुलींसाठी कोणत्याही पदकापेक्षा मोठा आधार आहे.

गणित आणि भाषेपलीकडच्या गुणांसाठी सार्वजनिक शाळांना उपलब्ध असलेल्या वाटा कमी आहेत. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आणि निवासी क्रीडा प्रबोधिनी या त्यांपैकी दोन. चित्रकलेच्या पूर्णवेळ शिक्षकाची जागाच नसलेल्या शाळेत मात्र पहिली वाटही अरुंद होते.

वर्गातली जोपासना

शिक्षणशास्त्रात यासाठी दोन मार्ग मानतात : वेगवर्धन, म्हणजे मुलाला वरच्या इयत्तेचे शिक्षण लवकर देणे, आणि समृद्धीकरण, म्हणजे त्याच इयत्तेत राहून विषयाच्या खोलात नेणे. पूर्वी हुशार मुलाला एक इयत्ता गाळून पुढे बसवण्याची रीत होती. वयानुरूप प्रवेशाच्या आजच्या नियमांत ती मागे पडली. त्यामुळे भर समृद्धीकरणावरच द्यावा लागतो.

तरी वेगवर्धनाचीही एक जागा कुणी मुद्दाम न घडवता तयार आहे. दोनशिक्षकी शाळेत बहुवर्ग अध्यापन ही अडचण म्हणून सांगितली जाते, आणि शिक्षकासाठी ती आहेच. पण त्याच खोलीत दुसरीतले तल्लख मूल चौथीचे गणित कानाने शिकत असते. गुरुजींनी ते हेरले आणि त्याला चौथीच्या गटात एक तास बसू दिले, तर ते वेगवर्धन झाले, तेही एका पैशाच्या खर्चाशिवाय. शहरांजवळच्या शाळांना विज्ञानसंस्थांचाही हात मिळू शकतो. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी हाताळत मुले भौतिकशास्त्र शिकतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या विषयावर स्वतंत्र परिच्छेद आहेत. शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर गणित, विज्ञान, संगीत, बुद्धिबळ, भाषा यांची विद्यार्थी-मंडळे, उन्हाळी निवासी शिबिरे आणि बी.एड.मध्ये प्रज्ञावंतांच्या शिक्षणाची विशेष तयारी, असे त्यांत सुचवले आहे. यांपैकी मंडळांची कल्पना महाराष्ट्रात सर्वांत आधी रुजू शकते, कारण तिची चौकट इथे तयार आहे. प्रत्येक केंद्रशाळेभोवती आठ-दहा शाळांचे केंद्र असते, त्याला केंद्रप्रमुख असतो आणि शिक्षकांच्या शिक्षण परिषदा तिथे भरतातच. त्याच केंद्रशाळेत महिन्यातून एका शनिवारी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची दहा-पंधरा मुले एखादे अवघड गणित घेऊन एकत्र बसली, तर आपल्यासारखेच कोड्यात रमणारे दुसरे मूल आहे हे त्यांतल्या अनेकांना पहिल्यांदा कळेल. एकशिक्षकी शाळेतल्या प्रज्ञावंत मुलाला सर्वांत जास्त उणीव भासते ती अशा सोबतीची.