होस्ट फॅमिली आणि पेइंग होमस्टे: दहावीनंतरच्या परदेशी वर्षाचे दोन वेगळे रस्ते

दहावीची परीक्षा संपली की ठाण्या-वाशीतल्या हॉलमध्ये परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शन सभा सुरू होतात. तिथे ‘स्टुडंट एक्सचेंज’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यात बरेचदा दोन अगदी वेगळे प्रकार मिसळलेले असतात. दोन्हींत पंधरा-सोळा वर्षांचं मूल परदेशातल्या एखाद्या घरी राहतं, तिथल्या शाळेत जातं, त्या घरच्यांबरोबर जेवतं. फोटो पाहून कुणालाही फरक कळणार नाही. तो कळतो एका प्रश्नावरून: मुलाला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे मिळतात का?

एक्सचेंजमध्ये मिळत नाहीत. ते कुटुंब स्वेच्छेने, हौसेने मुलाला घरात घेतं. पेइंग होमस्टेमध्ये घराला दरमहा ठरलेली रक्कम मिळते. मुलाला कुठली खोली मिळेल, ताटात काय येईल, भांडी कोण लावेल, बिनसलं तर फोन कुणाला करायचा आणि परत आल्यावर अकरावीचं काय, हे बहुतेक सगळं इथूनच ठरत जातं. दोन्ही रस्ते चांगले असू शकतात. पण एकाची अपेक्षा मनात धरून दुसऱ्याने गेलेलं मूल तिथे फार एकटं पडतं, आणि ते टाळणं पालकांच्या हातात आहे.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा फरक नियमांतच लिहिलेला आहे. एक्सचेंजचं मूल जे-1 व्हिसावर जातं. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली एखादी संस्था त्याची ‘स्पॉन्सर’ असते आणि ती डीएस-2019 नावाचा फॉर्म देते. होमस्टेत राहून शिकणारं मूल एफ-1 व्हिसावर जातं. त्याला शाळा आय-20 फॉर्म देते. सेव्हिस शुल्क, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं शुल्कही वेगळं, जे-1 ला 220 डॉलर आणि एफ-1 ला 350 डॉलर. म्हणून सभेत विचारायचा पहिला प्रश्न हा: ‘आम्हाला डीएस-2019 मिळणार की आय-20?’ याचं सरळ उत्तर न देणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

जे-1 चं शालेय एक्सचेंज जास्तीत जास्त एका शैक्षणिक वर्षाचं असतं आणि ते एकदाच करता येतं. राज्य, गाव, कुटुंब साधारणपणे आपण निवडत नाही. न्यू यॉर्क डोळ्यांसमोर ठेवून अर्ज केलेलं मूल आयोवातल्या लहानशा गावात जाऊ शकतं, आणि कुटुंब म्हणजे आई, बाबा, दोन मुलं असंच असेल असंही नाही. निवृत्त जोडपं असेल, एकटी आई असेल, घरात तीन कुत्री असतील. एकटी राहणारी व्यक्ती यजमान असेल, तर मात्र मुलाच्या आईवडिलांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. न्यू जर्सीतल्या मावशीकडे राहून जे-1 करू, हा बेत चालत नाही. नातेवाइकांकडे मुलाला ठेवायला या कार्यक्रमात मनाई आहे.

रोटरी यूथ एक्सचेंज याच जातीचं. ठाणे आणि नवी मुंबई रोटरीच्या 3142 डिस्ट्रिक्टमध्ये येतात. मूल रोटेरियनच्या घरचं असण्याची गरज नाही, पण अर्ज स्थानिक क्लबमार्फतच जातो. वर्षभराच्या कार्यक्रमात मूल एकाच घरी राहत नाही. दोन-तीन कुटुंबांत आळीपाळीने राहतं. तिथला क्लब थोडा मासिक हातखर्च देतो. राहणं-जेवण कुटुंबाकडून, विमान, विमा, व्हिसा आणि वरखर्च आपला. इथल्या कुटुंबानेही परदेशातून येणाऱ्या मुलाला काही महिने ठेवून घ्यावं, अशी अपेक्षा बरेचदा असते. टू-बीएचकेत ते कसं जमवायचं, याचा विचार अर्ज भरतानाच करावा. अतिथीला स्वतःचा पलंग आणि अभ्यासाची जागा मिळाली तर छोट्या घरातही ते उत्तम जमतं.

आता होमस्टे. एफ-1 वर सरकारी हायस्कूलमध्ये एकूण 12 महिन्यांपेक्षा जास्त शिकता येत नाही आणि शाळेचा पूर्ण खर्च भरावा लागतो. खासगी शाळेला ही मर्यादा नाही, त्यामुळे तीन-चार वर्षं शिकून डिप्लोमा, म्हणजे तिथला शाळा पूर्ण केल्याचा दाखला, घ्यायचा असेल तर रस्ता हाच. शहर आणि शाळा आपण निवडतो. घर शाळा तरी शोधून देते किंवा एखादी होमस्टे कंपनी.

क्रम उलटा केला तर एक दार बंद होतं. अमेरिकेतल्या शाळेत आधी एफ-1 किंवा जे-1 वर शिकलेलं मूल नंतर जे-1 शालेय एक्सचेंजला पात्र राहत नाही. ‘आधी सहा महिने खासगी शाळेत बघू, आवडलं तर एक्सचेंज करू’ हा सल्ला कुणी दिला तर तो चुकीचा आहे.

कॅनडा आणि ब्रिटनमध्ये होमस्टेच्या सुरक्षेची तजवीज निराळी. कॅनडात 17 वर्षांखालच्या मुलाला तिथला एक कस्टोडियन, म्हणजे त्याची जबाबदारी घेणारा प्रौढ, लागतो. त्याच्या जाहीरनाम्याची एक बाजू तो भरतो, दुसरी आईवडील, आणि दोन्ही नोटराइज करावं लागतं. ब्रिटनमध्ये 16 वर्षांखालचं मूल नात्याबाहेरच्या घरात 28 दिवस किंवा अधिक राहणार असेल, तर स्थानिक कौन्सिलला कळवणं बंधनकारक आहे. हे कळवलंय का, असं शाळेला लेखी विचारा.

घर कोण तपासतं

जे-1 च्या नियमांत स्पॉन्सरने यजमान घराला प्रत्यक्ष भेट द्यायची, मुलाखत घ्यायची, 18 वर्षांवरच्या प्रत्येक रहिवाशाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायची आणि बाहेरच्या लोकांकडून शिफारशी घ्यायच्या, हे सगळं ठरवून दिलेलं आहे. मुलाला स्वतंत्र पलंग हवा. सोफा-कम-बेड किंवा हवेची गादी चालत नाही. स्थानिक समन्वयक 120 मैलांच्या आत राहणारा असावा आणि त्याने दर महिन्याला मुलाशी आणि कुटुंबाशी वेगवेगळं बोलावं. घर आणि शाळा दोन्ही लेखी पक्की झाल्याशिवाय मुलाला विमानात बसवता येत नाही.

एफ-1 च्या होमस्टेला हे केंद्रीय नियम लागू नाहीत. काही शाळा स्वतःहून तितकीच कडक तपासणी करतात, काही करत नाहीत. म्हणून पालकांनी स्वतः विचारावं: घरात कोणकोण राहतं, सगळ्या प्रौढांची पोलीस तपासणी कधी झाली, आणखी किती विद्यार्थी त्या घरात आहेत, खोलीला खिडकी आहे का, न्हाणीघर किती जणांत आहे, घर सोडायला किती दिवसांची नोटीस आहे. आमच्या मते शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात शोधल्याशिवाय सही करू नये, कारण आगाऊ भरलेले पैसे अडकतात ते तिथेच.

रोजचं जगणं

फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो स्वयंपाकघरात. एक्सचेंजमध्ये मूल घरचं धरलं जातं, म्हणजे घर जे खाईल ते त्याने खायचं. सकाळी दूध-सीरिअल, दुपारी शाळेत, आणि रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच. अर्जात नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. अंडं चालतं का, केकमधलं चालतं का, चिकनच्या रश्शात शिजवलेला भात चालेल का, जिलेटिन घातलेली मिठाई चालेल का, एकाच तव्यावर मांस भाजलेलं चालेल का, हे एकेक लिहावं. अटी जितक्या जास्त, तितकं घर मिळायला कठीण. म्हणून खरोखर पाळतो तेवढ्याच लिहाव्यात. शाकाहारी मुलाने वरण-भात, पोहे, मटकीची उसळ आणि बटाट्याची भाजी इतकं तरी जाण्याआधी एकट्याने करून पाहावं. तिथे फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म वाजतो, म्हणून आधी चिमणीचा पंखा लावायचा, तेल मध्यम आचेवर तापवायचं. कोरडे मसाले नेता येतात, पण कस्टमला जाहीर करायचे. ताजा कढीपत्ता नेता येत नाही, तो काढून घेतात.

होमस्टेत जेवण कराराने चालतं. दिवसाची दोन जेवणं की तीन, शनिवार-रविवारची दुपार धरलेली आहे का, विशेष आहाराला जादा आकार आहे का, हे आधी वाचायचं. मूल उशिरा आलं तर झाकून ठेवलेलं ताट मिळेल, पण सगळे त्याच्यासाठी थांबतील असं नाही.

घरकामाचंही तसंच. आपल्याकडे अनेक घरांत धुण्या-भांड्याला बाई असते, आणि दहावीच्या मुलाला तर कुणी कपही उचलू देत नाही. एक्सचेंजच्या घरात तेच मूल डिशवॉशर भरतं, रिकामा करतं, ठरलेल्या वारी कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला नेऊन ठेवतं, आपले कपडे आपण धुतं, कुत्र्याला फिरवून आणतं. सोबत कुटुंबात बसून टीव्ही पाहणं, आजीच्या वाढदिवसाला जाणं हेही आलंच. यजमानांची नेहमीची तक्रार अभ्यासाबद्दल नसते. मूल शाळेतून आलं की दार लावून फोनवर घरच्यांशी बोलत बसतं, ही असते. होमस्टेत आपली खोली आणि न्हाणीघर नीट ठेवलं की बहुतेक घरं खूश असतात. एकांत हवा असणाऱ्या, अभ्यासावर डोळा असणाऱ्या मुलाला हेच बरं वाटतं, आणि तसं वाटण्यात गैर काही नाही.

प्रवासाचा धक्का मात्र दोन्हीकडे सारखा. ठाणे स्टेशनवरून एकटीने लोकल पकडून दादरच्या क्लासला जाणारी मुलगी अमेरिकी उपनगरात गाडीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जाऊ शकत नाही. एक्सचेंज संस्था गाडी चालवायला बंदी घालतात. रोटरीत दारू, अमली पदार्थ आणि प्रेमप्रकरणं यांच्यासोबत ड्रायव्हिंगही बंदीच्या यादीत येतं. शनिवारी मैत्रिणीकडे जायचं असेल तर गुरुवारीच होस्ट आईला विचारायचं आणि परतीला कोण आणेल तेही सांगायचं. होमस्टेत अशी ने-आण करारात नसेल तर मिळेलच असं नाही.

फोनबद्दल पालकांना कळकळीची विनंती. शिकागो उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे असतं. आपल्या सकाळी सातला रोज फोन केला, तर तिथे नेमकी जेवणानंतर एकत्र बसण्याची वेळ असते. आठवड्यातून एकदा, रविवारी, निवांत बोला. पहिले काही आठवडे नवलाईत जातात; गणपती तसे निघतात, पण दिवाळीच्या सुमारास, दिवस लहान झाले की घरची आठवण जोर करते. त्या दिवसांत फोन वाढवण्यापेक्षा मुलाला होस्ट कुटुंबासाठी करंज्या करायला सांगणं जास्त उपयोगी पडतं.

बिनसलं तर

एक्सचेंजमध्ये पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी मुलाने स्वतः कुटुंबाशी बोलायचं, मग समन्वयकाशी, मग स्पॉन्सरच्या कार्यालयाशी, आणि गंभीर बाब असेल तर थेट अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या जे-1 हेल्पलाइनवर. हे नंबर मुलाला दिलेल्या कार्डावर असतात. ते कार्ड नेहमी जवळ हवं. घर बदलावं लागणं म्हणजे मुलाचं अपयश नव्हे. पण इथून आईने होस्ट आईला परस्पर मेसेज करून वाद घातला की समन्वयकाचं काम अवघड होतं. अपवाद एकच: मुलाला असुरक्षित वाटत असेल, तर कुठलीही पायरी न पाहता त्याच क्षणी स्पॉन्सर आणि हेल्पलाइन. होमस्टेत आधी शाळेचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभाग आणि कंपनी. घर बदलताना नोटिशीचे दिवस आणि नवे शुल्क दोन्ही लागू शकतं.

जे-1 च्या विम्यात प्रत्येक आजार-अपघाताला किमान 1,00,000 डॉलरचं संरक्षण लागतं, पण पहिले 500 डॉलरपर्यंत खिशातून जाऊ शकतात. दात आणि चष्मा सहसा त्यात नसतात. दातांची तपासणी इथेच करून घ्या आणि चष्म्याचा दुसरा जोड बरोबर द्या.

अकरावी आणि कागदपत्रं

एक्सचेंजचं वर्ष डिप्लोमासाठी नसतं. शेवटी गुणपत्रक आणि हजेरीचा दाखला मिळतो. त्यावर थेट बारावीत बसता येईल असं धरून चालू नका. सगळ्यात सोयीचं म्हणजे दहावी पास होऊन ऑगस्टमध्ये जाणं आणि पुढच्या मे-जूनमध्ये परतून अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला बसणं. निवड साधारण वर्षभर आधी होत असल्याने अर्जाची तयारी नववीच्या शेवटी सुरू करावी लागते. परतल्यावर कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतं. सोबत तिकडच्या शाळेचे कागद जोडावेत. होमस्टेत राहून डिप्लोमा घेणाऱ्याला इथल्या पदवीला यायचं असेल तर समकक्षतेचा दाखला लागतो, म्हणून विषय निवडतानाच इथल्या अटी पाहाव्यात.

पासपोर्ट आधी उघडून बघा. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठराव्या वाढदिवसापर्यंतचा असतो, त्यामुळे तो नेमका परदेशातल्या वर्षात संपू शकतो. 15 ते 18 वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. वागळे इस्टेटच्या केंद्रात अर्ज भरताना तोच पर्याय निवडा.

लसींना सहा महिने हातात ठेवा. हेपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायलाच तेवढा वेळ लागतो. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नसल्याने बऱ्याच मुलांना ती दिलेलीच नसते. तेराच्या पुढच्या मुलाला दोन डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. शाळेने क्षयाची चाचणी मागितली, तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची ‘इग्रा’ चाचणी चालेल का हे विचारा. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी दिलेलं असतं, त्यामुळे त्वचेवरची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि पत्रव्यवहारात शाळेचे पहिले दिवस जातात. बाळपणीची लसीकरणाची फाइल हरवली असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह नवा दाखला सही-शिक्क्यानिशी करून घ्या.