प्राचीन अल्कली बेसाल्ट

सिलिकेच्या मानाने सोडियम आणि पोटॅशियम जास्त असलेला बेसाल्ट (असिताश्म) म्हणजे अल्कली बेसाल्ट. भूवैज्ञानिक मॅकडोनाल्ड व कात्सुरा यांनी १९६४ मध्ये हवाई बेटांच्या लाव्हांवरून एक सीमारेषा आखली. त्या रेषेनुसार खडकात ४८ टक्के सिलिका असेल आणि सोडियम-पोटॅशियमची ऑक्साइडे मिळून सुमारे ३.३ टक्क्यांच्या वर गेली, तर तो अल्कली बेसाल्ट. खाली राहिली तर थोलिआइट, म्हणजे अल्कली कमी असलेला बेसाल्ट. ताज्या लाव्हासाठी एवढे पुरते. कोट्यवधी वर्षे जुन्या खडकाला मात्र ही कसोटी फसवते, आणि ती का फसवते हे कोल्हापूरकरांना पन्हाळा चढताना दिसते.

पायथ्याला काळा कातळ, त्यावर मुरूम, माथ्यावर तांबडा जांभा. वाटेत एखादा गोल धोंडा कांद्यासारखा पापुद्रे सोडत असतो. बाहेरचे तपकिरी पापुद्रे बोटांनी चुरगळतात, आतला निळसर काळा गाभा हातोडीखाली खणखणतो. पावसाच्या पाण्याने आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेले. लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम मागे राहिले. राधानगरी-शाहूवाडीकडचे बॉक्साइट याच झिजेतून आले. म्हणजे ज्या मूलद्रव्यांवरून खडकाला 'अल्कली' म्हणायचे, तीच सर्वांत आधी निघून जातात.

इथला कातळ स्वतः अल्कली नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हांपैकी तो थोलिआइट आहे. खिद्रापूर आणि जोतिबाची देवळे अशाच काळ्या पाषाणात घडली. दख्खनच्या लाव्हाथरांच्या रासायनिक क्रमवारीत महाबळेश्वर आणि देसूर या शैलसमूहांच्या मधल्या शैलसमूहाला पन्हाळ्याचेच नाव आहे. त्याच ज्वालामुखी पर्वातले अल्कली खडक पाहायचे तर कच्छमध्ये भूजच्या आसपास किंवा मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर जावे लागते. काही ठिकाणी त्यांत प्रावरणाचे (पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचे) हिरवट तुकडे जसेच्या तसे वर आलेले सापडतात.

म्हणून जुन्या खडकात न हलणाऱ्या, म्हणजे झिजेतही धुऊन न जाणाऱ्या, मूलद्रव्यांचा आधार घेतात. विंचेस्टर व फ्लॉइड यांनी १९७७ मध्ये ही पद्धत मांडली. नायोबियमला इट्रियमने भागले आणि उत्तर साधारण ०.७ च्या वर आले, तर खडक मुळात अल्कली होता असे धरतात. यामागचे कारण खोलवरचे आहे. प्रावरण खूप खोलवर, अगदी थोडेच वितळले की अल्कली शिलारस तयार होतो. तिथे गार्नेट हे खनिज न वितळता शिल्लक राहते. ते इट्रियम आणि जड विरल मृत्तिका ('रेअर अर्थ' मूलद्रव्ये) धरून ठेवते. नायोबियम आणि हलक्या विरल मृत्तिका शिलारसात उतरतात. प्रावरण अधिक वितळून बनलेल्या थोलिआइटात हा फरक पातळ होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली ऑलिव्हीन हे जुने खनिज बहुधा लालसर तपकिरी झालेले असते, पण स्फटिकाचा आकार टिकतो. ते मोठ्या स्फटिकांमधल्या बारीक आधारद्रव्यातही दिसले आणि सोबत टायटॅनियममुळे जांभळट झाक आलेले ऑजाइट हे खनिज असले, तर अल्कली असण्याचा संशय बळावतो.

सर्वांत जास्त चुका मात्र नमुना गोळा करतानाच होतात. लाव्हाच्या पोकळ्यांत नंतर भरलेल्या पांढऱ्या झिओलाइट खनिजांत सोडियम असते. ते खडकाबरोबर दळले गेले तर थोलिआइटही अल्कली भासू शकतो. पापुद्रे फोडून, पांढरे मणी वेचून टाकून, खणखणणारा गाभाच प्रयोगशाळेत द्यावा.