जेसीबीपुढे कुदळ-फावड्याचं काय चालणार?

‘श्रमदान फोटोपुरतं, खरं काम जेसीबीच करतो’ हे गावोगाव ऐकू येतं. ओढा खोल करायला जेसीबी हवाच. पण पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवायचं, काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. डोंगरउतार उघडा ठेवून नुसता ओढा खणला, तर वरची माती वाहून येऊन तो गाळाने भरतो. उतारावर काम हातांचंच.

सलग समतल चर म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला लांब चर. तो ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल धरला, तर दहा मीटर चरात एका भरण्याला १८०० लिटर पाणी थांबतं. पावसाळ्यात तो अनेकदा भरतो.

बिघडतं ते आखणीत. पातळी बघायला A आकाराची चौकट, म्हणजे ए-फ्रेम, वापरतात. तिच्या दोरीचा ओळंबा आडव्या पट्टीवरच्या मध्यखुणेवर आला, तरच दोन्ही पाय एका पातळीत. (मध्यखूण काढताना पायांची अदलाबदल करून बघा, इथेच घाई होते.) चर तिरका गेला की पाणी खालच्या टोकाला धावतं, बांध फुटतो आणि घळ पडते. माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाकायची.

हिवरे बाजार या गावाच्या पंचसूत्रीत श्रमदानाच्या जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही होती. ज्याने चर खणला, तो त्यात जनावर सोडताना दोनदा विचार करतो. हे काम भाड्याच्या यंत्राला जमत नाही.